शब्द कळले, अर्थ राहिला

या सदरांत आम्ही बहुधा शुद्धलेखन, व्याकरण आणि वाचन यांविषयींचे प्रश्न हातीं घेतों. येणारीं पत्रेंही त्याच जातीचीं असतात आणि त्यांना उत्तरें देणें फारसें अवघड नसतें. परंतु गेल्या महिन्यांत बुलढाणे जिल्ह्यांतील, मेहकरकडच्या एका भगिनीचें जें पत्र आलें, तें खालीं ठेवल्यावर आम्हांला कांहीं वेळ दुसरें काम सुचलें नाहीं. विचारलेला प्रश्न इंग्रजी वाक्प्रचारांविषयींचाच आहे. पण त्याच्यामागें एका सुखी कुटुंबांत पडलेली अढी आहे. नांव न देतां हकीकत छापण्यास त्यांनीं संमति दिली आहे, म्हणून ती प्रथम सांगतों.

कुटुंब एकत्र. सासूसासरे, थोरले बंधु म्हणजे या भगिनीचे यजमान, आणि मुलेंबाळें गांवीं असतात. धाकटे दीर नोकरीनिमित्त पुण्यास. पण सणवार, श्राद्धपक्ष आणि शेतीचा हिशेब सारा एकत्रच. गेल्या श्रावणांत या दिरांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांचा मुलगा लहानपणापासून इंग्रजी माध्यमांतून शिकलेला. त्यानें पहांटे गांवच्या सर्व मंडळींना दूरध्वनीवर इंग्रजींत संदेश पाठविला. वडिलांना झटका आल्याचें कळवून त्यानें पुढें लिहिलें होतें : 'लास्ट नाइट वॉज टच अँड गो. ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.'

गांवच्या घरांत दोन पदवीधर आहेत आणि दहावींत शिकणारा मुलगा इंग्रजींत वर्गांत पहिला येतो. सर्वांनीं संदेश वाचला. 'टच' म्हणजे स्पर्श करणें, 'गो' म्हणजे जाणें. तेव्हां झटका नुसता स्पर्श करून गेला, असा अर्थ एकमतानें लागला. 'वुड्स' हें इस्पितळाचें नांव असावें, असें सासऱ्यांनीं ठरविलें. म्हणजे तेथून अजून घरीं सोडलेलें नाहीं, एवढेंच. सासूबाईंनीं देवापुढें साखर ठेवली. पुण्यास दूरध्वनी केला तो कोणी उचलला नाहीं. इस्पितळांत तो बंद ठेवावा लागत असेल, असें समजून मंडळी स्वस्थ राहिली. दुसऱ्या दिवशीं घरीं मंगळागौर होती. ती आटोपून निघावें असें ठरलें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पुतण्याचा दूरध्वनी आला आणि रडत रडत, मोडक्या मराठींत तो जें बोलला, त्यावरून खरा प्रकार कळला. रात्रींच गाडी करून सारे निघाले. पण तोंवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. धोक्याचीं कलमें असलेल्या कागदावर धाकट्या जाऊबाईंनीं एकटीनें सही केली होती. घरचें वडील माणूस कोणी शेजारीं नव्हतें. दीर वांचले. आतां हिंडूंफिरूंही लागले आहेत. पण जाऊबाई पूर्वीसारख्या मन मोकळें करीत नाहींत. एकदांच म्हणाल्या, "मंगळागौर झाल्यावर आलांत." आणि इकडे गांवचा मुलगा त्या दिवसापासून इंग्रजीच्या पुस्तकाला हात लावीत नाहीं.

भगिनी विचारतात, "आम्ही इतके अडाणी ठरलों का? या मुलाला मी काय सांगूं?"

अडाणीपणाचा येथें संबंध नाहीं. तो संदेश पुन्हां पाहावा. त्यांत एकही शब्द असा नाहीं कीं जो पांचवीच्या मुलाला येत नाहीं. नेमकें तेंच घातक ठरलें. अवघड शब्द आला असतां माणूस अडतो, कोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. पुतण्यानें एखादा लांबलचक वैद्यकीय शब्द लिहिला असता तर घर घाबरलें असतें आणि तासाभरांत वाटेला लागलें असतें. वाक्प्रचार हा सोप्या शब्दांचा बनलेला असतो. म्हणून तो कळला असें वाटतें आणि आपण पुढें जातों. मराठींतही तसेंच आहे. 'पाणी', 'पाजणें', 'पाहणें' हे शब्द परक्या माणसालाही महिन्याभरांत येतात. पण 'पाणी पाजणें' म्हणजे हरविणें आणि 'पाण्यांत पाहणें' म्हणजे द्वेष करणें, हें त्याला कोणी सांगितल्यावांचून कळणार नाहीं.

'टच अँड गो' याचा अर्थ, क्षणभर इकडचें तिकडे झालें असतें तर सारें संपलें असतें. 'आउट ऑफ द वुड्स' म्हणजे दाट रानांतून सुखरूप बाहेर पडणें. ज्या काळीं युरोपांतील वाटा अरण्यांतून जात आणि अरण्यांत वाटमारे दबा धरून असत, त्या काळचा जीव मुठींत धरून केलेला प्रवास या तीन-चार शब्दांत सांठवलेला आहे. 'अजून बाहेर नाहीं' म्हणजे अजून कांहीं सांगवत नाहीं. पुतण्यानें 'काल रात्रीं जिवावर बेतलें होतें, धोका अजून टळलेला नाहीं,' असें लिहिलें असतें, तर साखर ठेवण्याऐवजीं देव पाण्यांत ठेवले गेले असते. पत्राच्या अखेरीस भगिनी लिहितात कीं, दीर शुद्धीवर आल्याचें ऐकून सासूबाई म्हणाल्या, "जिवावरचें शेपटावर निभावलें हो!" ज्या इंग्रजी वाक्यानें साऱ्या घराला फसविलें, त्याचा चोख मराठी जोड त्या माउलीच्या ओठीं तयार होता. फक्त तिला कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारावें असें सुचणार तरी कोणाला?

ज्या वाक्प्रचारांना मराठींत हुबेहूब तेच शब्द असलेले भाऊबंद भेटतात, तेथें तर अधिकच सावध राहावें लागतें. 'पाठ थोपटणें', 'शब्द देणें' हे दोन्ही भाषांत सारखेच, म्हणून आपण निर्धास्त होतों आणि पुढच्या पावलाला ठेंच लागते. इंग्रजींत कोणी कोणाचा पाय ओढतो तो थट्टेनें. आमच्याकडे पाय ओढणारा हा वर चढणाऱ्याला खालीं खेचणारा मत्सरी माणूस. इंग्रजी शाळेंतला भाचा आजोळाहून 'मामा सारखे माझे पाय ओढतात' असें लिहूं लागला, तर त्याच्या आईनें भावाशीं अबोला धरण्यापूर्वीं त्याला काय म्हणावयाचें आहे तें विचारून घ्यावें.

हात धुण्याची गोष्ट याहून मौजेची. 'टु वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे एखाद्या प्रकरणांतून आपण मोकळे झालों, पुढचें आपल्याकडे नाहीं, असें जाहीर करणें. याचें मूळ बायबलांत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पिलात नांवाचा रोमन सुभेदार येशूला वधस्तंभाकडे धाडतांना लोकांसमक्ष पाणी मागवून हात धुतो आणि या रक्ताचा दोष आपल्याकडे नाहीं असें सांगतो. ही कथा ज्याला ठाऊक नाहीं त्याला त्या हात धुण्यांतला भ्याडपणा कळावयाचा नाहीं. आमच्याकडे मात्र 'हात धुऊन पाठीस लागणें' म्हणजे कांहीं केल्या न सोडणें, आणि 'हात धुऊन घेणें' म्हणजे संधि साधून लाभ उठविणें. एका भाषेंत हात धुणारा निघून जातो; दुसरींत तोच हात धुऊन मागें लागतो! इंग्रजाच्या हात धुण्याला आमच्याकडे 'अंग काढून घेणें' किंवा 'हात झटकणें' म्हणतात.

आणि 'टेक टु हार्ट'? मुलें त्याचें भाषांतर 'मनावर घेणें' असें करतात. आमच्या भाषेंत मनावर घेणें म्हणजे निश्चय करणें, नेटानें कामाला लागणें. इंग्रजी शब्दांत बहुधा दुःख असतें. त्याला मराठींत 'मनाला लावून घेणें' म्हणतात. फरक थोडासाच. पण पुण्याच्या जाऊबाईंनीं जें केलें तें दुसरें आहे, पहिलें नव्हे.

कांहीं इंग्रजी वाक्प्रचार मराठींत येऊन इतके रुळले कीं ते पाहुणे होते हेंच आपण विसरलों. 'एका दगडांत दोन पक्षी' आणि 'पेल्यांतलें वादळ' हे मूळचे आपले नव्हेत, असें सांगितलें तर पुष्कळ वाचकांना नवल वाटेल. पेल्यांतलें वादळ तर इंग्रजांचेंही मूळचें नव्हे. चहा युरोपांत पोहोंचण्यापूर्वीं दीड-एक हजार वर्षें रोमन वक्ता सिसेरो यानें क्षुल्लक गोष्टीवरून माजविलेल्या खळबळीला पळींतल्या लाटा म्हटलें होतें, आणि ती पळी देवाला मद्याचें अर्घ्य देण्याची होती. आमच्या पूर्वजांना संध्येची पळी सोडून इंग्रजाचा पेला कां उचलावासा वाटला, कोण जाणे.

'सिंहाचा वाटा' याची कथा निराळी. इसापाच्या गोष्टींत सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो, तिचे वाटे पाडतो आणि या ना त्या निमित्तानें सारे वाटे स्वतःच गिळंकृत करतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणली, तेव्हांपासून आपल्या मुलांना हा सिंह परिचित आहे. इंग्रजींत सिंहाचा वाटा हा घेण्याचा असतो, आणि घेणाऱ्याकडे लोक थोड्या वांकड्या नजरेनें पाहतात. मराठींत आपण तो उचलावयास लावला. 'या शाळेच्या उभारणींत अमक्यांनीं सिंहाचा वाटा उचलला' असें आपण आदरानें लिहितों. म्हणजे लुटीचा वाटा होता तो कष्टाचा वाटा झाला. आम्ही यास चूक म्हणणार नाहीं. भाषेनें पाहुण्याला घरकामाला लावलें, यांत तिचा करारीपणा दिसतो. (आमच्याच अंकांतून हा प्रयोग किती वेळां आला असेल तें मोजण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.) परंतु ज्या मुलाला हेंच वाक्य इंग्रजींत न्यावयाचें आहे, त्याला हा उलटा प्रवास ठाऊक असला पाहिजे, नाहीं तर देणगीदाराचे आभार मानतां मानतां तो त्याला लुटारू ठरवील. 'पांढरा हत्ती' यानेंही असेंच चकविलें आहे. सयामांत असा हत्ती पवित्र. त्याला कामाला जुंपतां येत नाहीं आणि पोसण्याचा खर्च तर राजेशाही. त्यावरून न झेपणाऱ्या आणि निरुपयोगी वस्तूला इंग्रज पांढरा हत्ती म्हणूं लागले. ज्या मुलानें आजोबांच्या मांडीवर बसून ऐरावताची कथा ऐकली आहे, त्याला पांढरा हत्ती ही शिवी वाटेलच कशी?

याच्या उलट, दोन्ही समाजांचा व्यवहार जेथें जुळतो तेथें वाक्प्रचार बिनबोभाट उतरतो. इंग्लंडांतील सरकारी व वकिली कागद तांबड्या फितीनें बांधीत, म्हणून कचेरींतील विलंबाला 'रेड टेप' हें नांव पडलें. आमच्याकडे दफ्तरें रुमालांत बांधलीं जात. पेशवे दफ्तराची मोजदाद आजही रुमालांनींच होते. म्हणून 'लालफीत' ऐकतांच मराठी माणसाला तिचा अर्थ उमगला. आणि 'बासनांत गुंडाळणें' तर त्याच्यापाशीं आधींपासूनच होतें.

बुलढाणे जिल्ह्याच्या वाचकांना या बाबतींत एक उदाहरण तर अगदीं अंगणांतलें आहे. या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखालीं असे दोन भाग लोक मानतात. मेहकर घाटावर, खामगांव घाटाखालीं, आणि खामगांव म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. त्याच व्यापारासाठीं १८७० सालीं जलंब ते खामगांव हा सुमारें १३ किलोमीटरांचा लोहमार्ग झाला. योगायोग असा कीं, इंग्रजी वाक्प्रचारांच्या कथा सांगणारा ब्रूअर यांचा प्रसिद्ध कोशही १८७० सालींच निघाला. खामगांवच्या गांठी ज्या मुलखांत जात, तेथील लोकांनीं कापड विणतां विणतां भाषाही विणली होती. एखाद्याशीं पटणें याला ते 'कॉटन टु' म्हणतात. आमच्याकडे त्याच वेळीं दोघांचें 'सूत जमतें'. कोणी कोणाचें भाषांतर केलें नाहीं. दोन्हीकडे कापसांत हात घातलेलीं माणसें होतीं, एवढेंच. घट्ट केलेलें ओलें कापड आंखडूं नये म्हणून चौकटीवर ताणून आंकड्यांना अडकवीत. त्या आंकड्यांवरून 'ऑन टेंटरहुक्स' हा प्रयोग निघाला. आमच्याकडे त्या अवस्थेंत 'जीव टांगणीला लागतो'. जाऊबाईंची ती रात्र दोन्ही भाषांत सारखीच होती. आणि गांवच्या मंडळींनीं 'टच' आणि 'गो' या दोन धाग्यांवरून जो निष्कर्ष काढला, त्याला सुतावरून स्वर्ग गांठणें याहून चपखल शब्द नाहीं.

'कॅरीइंग कोल्स टु न्यूकॅसल' हा असाच एक प्रयोग. न्यूकॅसल हें एके काळीं कोळशाचें मोठें बंदर. तेथें कोळसा नेऊन विकण्याचा खटाटोप कोण करील? हा प्रयोग मुलांना समजावून देतांना 'खामगांवास सरकी नेणें' असें म्हणून पाहावें. कोशांत तो सांपडणार नाहीं. पण वऱ्हाडांत अर्थ विचारण्याची पाळी येणार नाहीं.

आतां शिकवावें कसें? महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकवितात, म्हणजे मुलांना शब्द लवकर येतात. वाक्प्रचार मात्र अजून यादीनें पाठ करवितात : डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, खालीं वाक्यांत उपयोग. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला निदान दोन्ही भाषा समोरासमोर ठेवण्याची संवय होती. यादी पाठ केलेल्या मुलाला परीक्षेंत गुण मिळतात. पण तो प्रयोग कोणत्या प्रसंगीं, कोणत्या आवाजांत, हंसत कीं रडत बोलतात, हें यादींत नसतें. म्हणून मुलाला अर्थ विचारण्याऐवजीं प्रसंग विचारावा : हें वाक्य कोण म्हणत असेल, केव्हां? प्रसंग कळला कीं तो घरांतील वडील माणसांना सांगून, अशा वेळीं तुम्ही काय म्हणतां, असें पुसावें. इंग्रजी शब्द नातवापाशीं आणि प्रसंगाचें मराठी आजीपाशीं. दोघें एकाच ओसरीवर बसतात आणि एकमेकांना विचारीत नाहींत, ही आजच्या एकत्र घराची मोठी नासाडी आहे. ज्या मेहकरांत ना. घ. देशपांडे यांनीं वकिली करीत करीत कविता लिहिली, तेथल्या घरांत मराठीचा तुटवडा असेल असें आम्हांला वाटत नाहीं. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४२ व १९४७ सालीं दोन भागांत निघाला. तो ज्या घरीं असेल तेथें कपाटाबाहेर काढावा. पण आधीं आजीला विचारावें, मग कोशाला.

हा अभ्यास दोन्ही बाजूंनीं झाला पाहिजे. पुतण्यालाही कोणी तरी सांगितलें पाहिजे होतें कीं, संकटाची वार्ता देतांना वाक्प्रचार वापरूं नये, मग भाषा कोणतीही असो. 'बाबा गंभीर आहेत, लगेच निघा,' हें इंग्रजींत पांच-सहा शब्दांत सांगतां येतें. पण त्याला आम्ही दोष देत नाहीं. पहांटेच्या वेळीं, बाप आंत आणि आई दाराशीं असतां, ज्या भाषेंत तो विचार करतो त्याच भाषेंत त्यानें लिहिलें.

दहावीच्या मुलास आमचा निरोप असा. तूं लावलेला अर्थ तुझ्याहून वडील अशा दोन पदवीधरांनीं मान्य केला होता, तेव्हां सारें ओझें तूं एकट्यानें उचलूं नकोस. (हा मात्र खरोखरीचा सिंहाचा वाटा झाला असता, मराठी अर्थानें.) पुस्तक उघड, आणि ज्या ज्या वाक्यांत सारे शब्द सोपे असूनही अर्थ किंचित् चमत्कारिक वाटेल, तेथें पेन्सिलीनें खूण कर. आजीच्या मदतीनें त्यांचे मराठी जोड शोधून आमच्याकडे पाठव. चांगले निघाले तर पुढच्या एखाद्या अंकांत, तुझें नांव न घालतां, ते आम्ही छापूं.

राहिल्या जाऊबाई. या अंकाची एक प्रत आम्ही पुण्याच्या पत्त्यावर निराळी पाठवीत आहों आणि या पानाशीं खूण ठेवीत आहों. पुतण्यानें तें आईला मोठ्यानें वाचून दाखवावें. मराठी वाचतांना तो अडेल. तेथें तिला विचारावें.